नागपूरच्या धरमपेठेतला व्होकॅब्युलरीचा क्लास: मॅडमला पाच स्टार, बुकलेटला शून्य

आधीच सांगतो, क्लासचं नाव टाकून नाही राहिलो. नाव टाकलं की अर्धे लोकं म्हणतात जाहिरात करून राहिला, उरलेले म्हणतात याचं फीवरून काहीतरी वाजलं असेल. मला दोन्ही नको. कारण हा क्लास अर्धा एक नंबर आहे आणि अर्धा म्हणजे निव्वळ झेरॉक्सचा धंदा आहे, आणि कोणता अर्धा घ्यायचा आणि कोणता सोडायचा ते समजलं तर सहा हजार रुपये वसूल होतात.

मी गेलो कशाला ते ऐका. मिहानमध्ये, म्हणजे इथल्या कंपन्यांच्या भागात, जॉब आहे, क्वालिटीच्या टीममध्ये, क्लायंट अमेरिकेचा. इंग्रजी माझं कामापुरतं बरं आहे, बारावीपर्यंत मराठी मिडियम, नंतर इंजिनिअरिंग, म्हणजे समजतं सगळं पण लिहायला बसलं की तेच तेच गुड, व्हेरी गुड, इम्प्रूव्ह, इश्यू. मागच्या वर्षी अप्रेझलला साहेब म्हणाले, भाऊ तुझ्या मेलमधली भाषा जरा वरच्या लेव्हलची कर. झालं. फोनवर एक हजार शब्दांची पीडीएफ उतरवली आणि रोज वीस शब्द पाठ. त्यात होतं कम्प्लेसंट, समोर लिहिलेलं सॅटिस्फाइड, समाधानी. मला शब्द आवडला, वजनदार वाटला, आणि मी महिन्याच्या रिपोर्टमध्ये क्लायंटला लिहून टाकलं की आवर टीम इज कम्प्लेसंट अबाउट क्वालिटी. म्हणजे माझ्या डोक्यात, आमची टीम क्वालिटीबाबत समाधानी आहे. क्लायंटनं काय वाचलं? की आमची टीम क्वालिटीच्या बाबतीत स्वतःवरच खूश होऊन निवांत बसली आहे, पुढं काय खड्डा आहे त्याची फिकीर नाही. त्यानं कॉलवर शांतपणे विचारलं, इज धिस अ कन्फेशन? साहेबांचा चेहरा मला अजून दिसतो. पीडीएफचं चुकलं असंही म्हणता येत नाही बरं का, समाधान त्या शब्दात आहेच, फक्त ते नको त्या जागचं समाधान आहे हे कुठं लिहिलेलंच नव्हतं.

तर मग एप्रिलमध्ये हा क्लास लावला. शंकरनगर चौकाच्या मेट्रो स्टेशनवरून सात-आठ मिनिटं चालत, दुसऱ्या मजल्यावर, खाली मेडिकलचं दुकान. मी मनीषनगरला राहतो, जयप्रकाशनगरवरून ऑरेंज लाईन, सीताबर्डीला, म्हणजे आमच्या बर्डीला, उतरून ॲक्वा लाईन पकडायची, गाडीपेक्षा हे बरं कारण त्या गल्लीत पार्किंगचे वांदे आहेत. शनिवार-रविवार सकाळी साडेआठ ते दहा, आठ आठवडे, म्हणजे सोळा क्लास. फी सहा हजार, बुकलेटचे साडेतीनशे वेगळे आणि ते घ्यावंच लागते असं सांगतात, वरून एका ॲपचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन फुकट. बॅचमध्ये आम्ही चौदा जण. तीन-चार पोट्टे जीआरईवाले, म्हणजे बाहेरदेशी शिकायला जायची परीक्षा देणारे, पाच-सहा बँकेच्या परीक्षावाले, एक ताई एलएलबी करणारी, एक काका रिटायर्ड, नातवासोबत व्हिडिओ कॉलवर इंग्रजी बोलायचं म्हणून आले, आणि आम्ही ऑफिसवाले दोघं.

पहिला अर्धा तास संचालक सर बोलले. शब्दसंपत्ती म्हणजे यशाची किल्ली वगैरे. मग बुकलेट वाटलं. मी सगळ्यात आधी सी उघडला. कम्प्लेसंट, सॅटिस्फाइड, समाधानी. तीच ओळ! अक्षरशः तीच पीडीएफ, वरती क्लासचा लोगो. मी मनात म्हटलं गेले बे सहा हजार पाण्यात.

मग मॅडम आल्या. कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या, साठीच्या पुढच्या, कॉटनची साडी, आवाज बारीक पण कूलरच्या वरून ऐकू येईल असा. त्यांनी बुकलेट हातात घेतलं, दोन पानं उलटली, आणि बॅगेत ठेवा म्हणाल्या. सोळा क्लासमध्ये त्यांनी ते तीनदा काढायला लावलं असेल, तेही चुका शोधायला. हा क्लास चालतो तो यांच्या जिवावर, आणि संचालकांना ते माहीत आहे की नाही देव जाणे.

पद्धत काय तर शब्दाचा अर्थ आधी सांगतच नाहीत. आधी दोन-तीन वाक्यं. पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं की मे महिन्यात नागपुरात कूलर युबिक्विटस असतो. दुसरं, बर्डीवर मोबाईल कव्हर विकणारे युबिक्विटस आहेत. मग विचारलं, काय वाटते? कोणी म्हणालं गरजेचा, कोणी म्हणालं स्वस्त, काका म्हणाले आवाज करणारा. तिसरं वाक्य आलं तेव्हा जमलं, की जिकडं पाहावं तिकडं असलेला. त्यानंतर मग व्याख्या, ती पण आम्हालाच आपल्या शब्दात करायला लावली, आणि शेवटी डिक्शनरीतली वाचून दाखवली. आता हे ऐकायला साधं वाटते पण तो शब्द मी विसरूच शकत नाही, कूलर लावला की आठवतो, आणि आमच्याकडं तो जूनच्या मध्यापर्यंत बंद होत नाही.

परफंक्टरी शिकवला तो तर मी घरी बायकोला पण सांगितला. मॅडम म्हणाल्या, पाहुणे चपला घालून दारात उभे आहेत, लिफ्टचं बटण दाबलं आहे, आणि आपण म्हणतो, अहो जेवून गेला असता ना. ते जे आमंत्रण आहे ते परफंक्टरी. उरकायचं म्हणून उरकलेलं. आता बुकलेटमध्ये याला काय लिहिलं आहे तर कर्सरी, सुपरफिशियल. कर्सरी म्हणजे काय पाहायला गेलो तर तिथं लिहिलं परफंक्टरी. म्हणजे सीताबर्डीचा पत्ता विचारला तर धरमपेठेत विचारा आणि धरमपेठेत विचारलं तर बर्डीवर विचारा.

यावर मॅडमनी एक मजेशीर गोष्ट सांगितली. सॅम्युअल जॉन्सनची 1755 सालची डिक्शनरी, इंग्रजीतली एवढी गाजलेली, तिच्यात नेटवर्क म्हणजे जाळं या साध्या शब्दाची व्याख्या करताना त्यानं रेटिक्युलेटेड, डेकसेटेड असले शब्द वापरले. जाळं समजलं होतं ते पण उडालं. हे दुखणं बरं करायला दोनशेच्या वर वर्षं लागली. 1978 मध्ये लाँगमनची शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी आली, तिनं ठरवलं की व्याख्या लिहायला साधारण दोन हजार सोपेच शब्द वापरायचे. आणि 1987 मध्ये बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीत जॉन सिंक्लेअर यांच्या टीमनं कोबिल्ड नावाची डिक्शनरी काढली. त्यात व्याख्या म्हणजे सरळ एक वाक्यच असतं. शब्द वाक्यात बसवून दाखवतात, की एखादा माणूस असा असा असेल, आणि अशा कारणानं असेल, तर त्याला हे म्हणतात. आणि उदाहरणं मनानं तयार केलेली नाहीत, पेपर, पुस्तकं, बोलणं असा खऱ्या इंग्रजीचा ढीग कॉम्प्युटरमध्ये टाकून त्यातून उचललेली.

मी त्याच रविवारी क्लास सुटल्यावर बर्डीवर गेलो. फुटपाथवर जुनी पुस्तकं घेऊन बसतात त्यातल्या एकाकडं कोबिल्डची जुनी प्रत सापडली, कव्हर फाटलेलं, आत कोण्या मुलीचं नाव आणि रोल नंबर. साडेतीनशे म्हणत होता, दोनशे वीसला दिली. या रिव्ह्यूतली सगळ्यात फायद्याची खरेदी हीच. घरी आल्यावर पहिला शब्द कोणता पाहिला असेल ते सांगायला नको. माणूस स्वतःवर खूश आहे म्हणून धोक्याकडं पाहत नाही, आणि हे म्हणणाऱ्याला ते पटत नाही, एवढं सगळं त्या एका वाक्यात होतं. दोनशे वीस रुपयांत माझी इज्जत वाचली असती. ऑक्सफर्ड, लाँगमन, केंब्रिज यांच्या शिकणाऱ्यांच्या डिक्शनऱ्या नेटवर फुकट पण आहेत, त्याही भारी आहेत, पण माझं कसं आहे की फोन हातात घेतला की शब्द राहतो बाजूला आणि वीस मिनिटं रील.

आता क्लासमधला मला सगळ्यात जास्त आवडलेला दिवस. मॅडम म्हणाल्या आज इंग्रजी नाही, मराठी. फळ्यावर लिहिलं, कडाक्याची थंडी. मग, कडाक्याचं ऊन चालेल का? सगळे म्हणाले नाही, ऊन रणरणतं. मुसळधार पाऊस, पण मुसळधार वारा? नाही, वारा सोसाट्याचा. गाढ झोप, गाढ विश्वास, पण गाढ भूक? सगळे हसले. का नाही म्हणता, नियम सांगा? कोणालाच नाही सांगता आला. मग त्यांनी लिहिलं घोर. घोर अपमान, घोर अन्याय, घोर निराशा. घोर आनंद झाला असं म्हणतो का आपण? एक बँकवाला पोट्टा लगेच, मॅडम घोर तपश्चर्या असते ना! मॅडम म्हणाल्या, हो, पण तिथंही हाल माणसाचेच आहेत ना. मला हे उत्तर एवढं आवडलं म्हणून सांगू.

तिथून मग इंग्रजीवर आल्या. कॉज हा किती साधा शब्द, पाचवीतला. पण त्याच्या मागं कोण येतं ते पाहा म्हणाल्या, प्रॉब्लेम, डॅमेज, डिले, ॲक्सिडेंट, पेन. कॉज हॅपिनेस लिहिलं तर ग्रामर चुकत नाही पण वाचणाऱ्याच्या दातात खडा येतो. शब्दाचे शेजारी पाहिल्याशिवाय शब्द घरी आणायचा नाही, हे त्यांचं पेटंट वाक्य, दर क्लासला एकदा यायचंच. मग मिटिगेट आणि ॲलिव्हिएट. बुकलेटमध्ये दोन्हीपुढं कमी करणे. होमवर्कला एकानं लिहून आणलं की आय वाँट टू ॲलिव्हिएट माय वेट. वजन कमी करायचं आहे भाऊला! मॅडमनी हसू आवरून दोघांचे शेजारी फळ्यावर मांडले. मिटिगेटकडं रिस्क, इम्पॅक्ट, इफेक्ट, डॅमेज येऊन बसतात, ॲलिव्हिएटकडं पेन, सफरिंग, पॉव्हर्टी. वजन दोघांकडंही येत नाही, ते आपलं लूज करायचं. मला ऑफिसात रिस्क मिटिगेशन हा शब्द रोज दिसायचा, तो तसाच का असतो हे त्या दिवशी समजलं.

माझ्या बाजूला बसणाऱ्या ताईनं लिहिलं होतं नागपूर इज नोटोरियस फॉर ऑरेंजेस. बुकलेटप्रमाणं नोटोरियस म्हणजे फेमस, प्रसिद्ध. कुप्रसिद्ध लिहायला अजून एकच अक्षर लागलं असतं, तेवढी शाई वाचवली आणि आपल्या संत्र्यांना हिस्ट्रीशीटर करून टाकलं.

सँक्शन हा शब्द घ्या. आपल्याकडं घरोघरी बोलतात, लोन सँक्शन झालं, पेढे. आणि त्याच दिवशी पेपरात, रशियावर सँक्शन्स. एकीकडं परवानगी, एकीकडं शिक्षा, शब्द एकच. पाठांतरवाल्यानं काय करायचं? मागचा-पुढचा शब्द पाहायचा, दुसरा उपाय नाही. ओव्हरसाइट पण तसाच, देखरेख पण आणि नजरचूक पण, सरकारी भाषेत दोन्ही एकाच वाक्यात आले तरी नवल नाही. आणि पेट्रोलच्या टँकरमागं हायली इनफ्लेमेबल लिहिलेलं असतं ना, मी लहानपणापासून समजायचो की इन लागला म्हणजे पेटत नाही. उलट आहे, फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल दोन्हीचा अर्थ पेट घेणारं. एलएलबीवाल्या ताईनं मग इनव्हॅल्युएबलचं विचारलं की त्यात तर व्हॅल्यू नाही असं निघते. तर मॅडम म्हणाल्या, अमूल्य म्हणजे मूल्य नसलेलं का हो? सगळे गप. आपल्याच भाषेत तोच खेळ रोज खेळतो आणि इंग्रजीत आला की घाबरतो. शब्दांची मुळं शिकवणारे क्लास असतात ना, बेने म्हणजे चांगलं, माल म्हणजे वाईट, मॅडम ते पण शिकवतात, पण अंदाज बांधायला, शिक्का मारायला नाही.

जीआरईवाल्यांसाठी एक खास सांगतो कारण हे आमच्या बॅचमधल्या व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोट्ट्यानं पकडलं. बुकलेटमध्ये चाळीस पानं विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या आणि ॲनालॉजी, म्हणजे एका जोडीतलं नातं पाहून तशीच दुसरी जोडी शोधायची. जीआरईमधून हे दोन्ही प्रकार ऑगस्ट 2011 मध्येच काढून टाकले आहेत! आता तिथं पॅसेज सोडले तर रिकाम्या जागा असतात, वाक्य दिलेलं, आणि दुसऱ्या प्रकारात सहा पर्यायातून असे दोन शब्द निवडायचे की दोन्हीनं वाक्याचा अर्थ एकच झाला पाहिजे. म्हणजे परीक्षाच शेजारी पाहायला लावते. बँकवाल्यांची क्लोज टेस्ट, म्हणजे उताऱ्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या, ती पण तेच. त्यानं संचालक सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, बेसिक पक्कं होते. पक्कं होते म्हणे. साडेतीनशे रुपये आमचे पक्के गेले.

ॲपबद्दल दोनच ओळी. शब्द येतो, चार पर्याय, एक दाबायचा, बरोबर आला की फटाके फुटतात. वाक्य नाही, काही नाही. शंभर दिवसांची स्ट्रीक झाली की बॅज. मी एकोणीस दिवसांनी काढून टाकलं. त्यातली एकच गोष्ट कामाची होती, शब्द पुन्हा पुन्हा पण वाढत्या अंतरानं विचारतं, आणि ती काही त्यांची अक्कल नाही. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसानं 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून छापलं होतं, निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि किती विसरलो ते मोजायचं, त्याला दिसलं की सगळ्यात जास्त गळती सुरुवातीलाच होते, मग हळू होते. आणि लाइटनर नावाच्या दुसऱ्या एका माणसानं 1972 मध्ये त्यावर डब्यांची युक्ती काढली. ती मॅडमनी आम्हाला शिकवली. मी संत्रा बर्फीचे तीन रिकामे डबे घेतले. पहिला रोजचा, दुसरा दर तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याचा. कार्ड बरोबर आलं की पुढच्या डब्यात, चुकलं की परत पहिल्यात. कार्डावर एका बाजूला शब्द नाही, वाक्य, शब्दाच्या जागी रेघ. मागं शब्द आणि माझं स्वतःचं एक वाक्य, घरचं नाहीतर ऑफिसचं. खर्च शून्य, उलट बर्फी खायला मिळाली.

होमवर्क जास्त असतो हे सांगून ठेवतो. प्रत्येक क्लासला बारा शब्द, आणि प्रत्येकाचं आपल्या आयुष्यातलं वाक्य. गुगलवरून उचललेलं त्यांना लगेच कळते. मी एकदा लिहिलं आय कमेन्स्ड माय टी ॲट सेव्हन. मॅडम म्हणाल्या, याची मराठी करा. केली. मी सकाळी सात वाजता चहास प्रारंभ केला. अख्खा क्लास टेबलावर डोकं ठेवून हसून राहिला. कमेन्स समारंभाचा शब्द, चहाला स्टार्ट पुरतो. वारला, निधन झालं, खपला, तिघांत माणूस तोच मेला पण कुठं कोणता बोलायचा ते आपल्याला कोणी शिकवलं नाही, कानानं समजलं, आणि इंग्रजीत तो कान वाचूनच तयार होते असं त्या म्हणतात. पेपरचं एक पान रोज, मोठ्यानं. बुकलेटनं तो कान तयार होत नाही हे काही त्या तोंडानं बोलल्या नाहीत, पण बुकलेट बॅगेत ठेवायला लावलं यातच आलं सगळं.

तक्रारी आहेत. पहिल्या महिन्यात दोनदा क्लास कॅन्सल झाला, निरोप सकाळी आठ वाजता व्हॉट्सॲपवर, तोपर्यंत मी बर्डीला गाडी बदलत होतो. एक भरून दिला, एक राहिला. बॅच मिक्स असल्यानं काकांना काही शब्द डोक्यावरून जात आणि जीआरईवाल्यांना काही दिवस बोअर होत. उच्चारांकडं मॅडम फारसं लक्ष देत नाहीत, म्हणतात ते ऐकून येईल, पण मला वाटते तिथं थोडा वेळ द्यायला पाहिजे होता, कारण मी अजून एपिटोमी म्हणायला घाबरतो. बाथरूमचा नळ गळतो. कूलरमध्ये पाणी भरायचं काम रोटेशननं विद्यार्थ्यांवर, हे मात्र मजेत चालून गेलं.

एक हजार शब्द येतात का? नाही येत. सोळा बारे एकशे ब्याण्णव झाले, त्यातला राहिलेला क्लास वजा, त्यातले मी आज न घाबरता लिहितो असे चाळीसेक. पण ते चाळीस असे आहेत की मेल पाठवल्यावर पोटात गोळा येत नाही. परवा त्याच क्लायंटला लिहिलं की लास्ट क्वार्टरचे नंबर चांगले आहेत पण वी शुड नॉट बिकम कम्प्लेसंट. उत्तर आलं, ॲग्रीड, आणि एक हसरा चेहरा. त्याला जुनं आठवत होतं की नाही माहीत नाही. साहेबांना मात्र आठवत होतं, कॉपीमध्ये होते ते.

ज्यांना पंधरा दिवसांवर परीक्षा आहे त्यांनी नका जाऊ, एवढ्या लवकर काही होत नाही. ज्यांना फक्त बोलायला शिकायचं आहे त्यांनी पण नको, तो वेगळा विषय आहे. ज्यांचं इंग्रजी वाचून समजते पण लिहिताना हात अडतो त्यांनी जा, पण आधी फोनवर विचारून घ्या की त्या रिटायर मॅडमच शिकवणार आहेत ना, कारण ऐकलं की वीकडेच्या बॅचला संचालक सर स्वतः घेतात आणि बुकलेट पान एकपासून वाचतात. बुकलेटचे साडेतीनशे कम्पल्सरी म्हणतील, आमच्यातल्या दोघांनी नाही दिले, काही झालं नाही. तेच पैसे घेऊन बर्डीवर जुनी डिक्शनरी शोधा, घासाघीस करा. आणि क्लासमध्ये जागा खिडकीकडची पकडा, कूलरसमोर हवा मस्त लागते पण मॅडमचं अर्धं वाक्य तिकडंच उडून जाते.